सॅच्युरेशन ९९, तरीही ऑक्सिजन?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मॅडम, मी बीएएमएस आहे, गेल्या वर्षीपासून रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करते. जानेवारीत सकाळी कॉल आला. आंघोळीला गेलेली घरातली तरुण सून बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडलं तर आत पडलेली. आम्ही पोचलो तेव्हा डोळे उघडे होते, पण असंबद्ध बोलत होती, दोनदा उलटी झाली. बीपी ठीक, शुगर ठीक, ऑक्सिमीटरवर ९९. बाथरूममध्ये गॅस गिझर दिसला म्हणून मी मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन सुरू केला. रुग्णालयात पोचल्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘९९ला ऑक्सिजन कशाला? सिलिंडर फुकट येतो का?’ आणि मास्क काढला. मी गप्प बसले. त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आणलं. जुना दमा, बिडीची सवय, हात गारठलेले. ऑक्सिमीटर कधी ७८ दाखवायचा, कधी ९१. त्यांना मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजनवर ठेवलं, पुढे आकडा ९८ झाला, पण पोचेपर्यंत ते गुंगीत गेले. म्हणजे यंत्राने चांगलं सांगितलं तिथेही मी बोलणी खाल्ली आणि वाईट सांगितलं तिथेही. मग या यंत्रावर विश्वास ठेवायचा की नाही?

उत्तर:

प्रिय डॉक्टर,

वयाने माझ्या लेकीएवढी असशील, म्हणून एकेरीत लिहिते.

त्या मुलीला ऑक्सिजन लावलास ते बरोबरच होतं. मास्क काढला गेला, ते चूक. हे आधी सांगून टाकते, कारण चारचौघांत ऐकून घेतलेलं मनात घर करतं आणि पुढच्या वेळी हात आखडतो. म्हाताऱ्याच्या बाबतीत मात्र थोडं तुझंही चुकलं. तिकडे येतेच.

ऑक्सिमीटर ऑक्सिजन मोजतो असं आपण म्हणतो, पण तो मोजतो प्रकाश. चिमट्याच्या एका बाजूने दोन दिवे बोटातून आरपार जातात, एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं जास्त. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला बोटात जे ताजं रक्त येतं, तेवढ्याच बदलाकडे यंत्र बघतं आणि दोन्ही प्रकाशांच्या गुणोत्तरावरून किती टक्के हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन आहे तो आकडा, म्हणजे सॅच्युरेशन, काढतं. ठोक्याची ही युक्ती जपानमधल्या निहोन कोहदेन कंपनीच्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरची, १९७४ सालची. त्यांना खरं तर रक्तात रंगद्रव्य सोडून हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकतं ते मोजायचं होतं. नाडीचे ठोके त्यात सारखे अडथळा आणत होते. तो अडथळा काढून टाकायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की ऑक्सिजनची माहिती त्या ठोक्यांतच आहे.

आता गोम अशी, की दोनच दिवे असलेल्या यंत्राला दोनच प्रकारचं हिमोग्लोबिन ओळखता येतं. तिसरं कुणी आलं की ते त्याला या दोघांपैकी एकात बसवून टाकतं. कार्बन मोनॉक्साइडला चिकटलेलं हिमोग्लोबिन, म्हणजे कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, लाल प्रकाशात जवळजवळ ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं. यंत्र त्यालाही ऑक्सिजन म्हणून मोजतं. हिमोग्लोबिन म्हणजे एसटीची गाडी धर. ऑक्सिमीटर फक्त सीट किती टक्के भरल्या ते सांगतो, सीटवर बसलंय कोण ते सांगत नाही. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी लगट ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त. एकदा बसला की सहजासहजी उठत नाही, आणि शेजारच्या सीटवर खरा ऑक्सिजन असला तरी त्यालाही पेशींच्या थांब्यावर नीट उतरू देत नाही. गाडी खचाखच भरलेली, आकडा ९९, आणि मेंदू उपाशी.

म्हणून तिथे आपण ऑक्सिजन देतो तो सॅच्युरेशन वाढवायला नाही, त्या घुसखोराला हुसकायला. साध्या हवेवर रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडायला चार-पाच तास जातात. घट्ट मास्क, फुगलेली रिझर्व्हॉयर बॅग आणि पूर्ण ऑक्सिजन असेल तर साधारण तासा-दीड तासात तेवढंच काम होतं. तू जिन्यातच मास्क लावला असशील, तर रुग्णवाहिकेतला सगळा वेळ तिच्या पदरात पडला.

गॅस गिझरचे असे पेशंट आपल्याकडे थंडीत येतात आणि हमखास भलत्याच नावाने येतात. कुणी म्हणतं फिट आली, कुणी म्हणतं बीपी लो झालं, कुणी म्हणतं उपास होता म्हणून चक्कर. बंद बाथरूम, खिडकीला थंडीमुळे पुठ्ठा लावलेला, आत गिझर पेटलेला. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि जो वायू तयार होतो त्याला ना वास, ना रंग. पुस्तकात त्वचा लालबुंद होते असं लिहिलेलं असतं, त्याची वाट बघू नकोस. जिवंत पेशंटमध्ये ते क्वचितच दिसतं.

तू गप्प बसलीस ते मला समजतं, पण अशा वेळी वाद घालण्यापेक्षा हँडओव्हर पक्का करावा. पुढच्या वेळी पहिलंच वाक्य असं असू दे: ‘संशयित कार्बन मोनॉक्साइड, बंद बाथरूममध्ये गॅस गिझर, पूर्ण ऑक्सिजन सात-चाळीसला सुरू केलाय, कार्बॉक्सिहिमोग्लोबिन पाठवावं ही विनंती.’ आणि हेच कागदावर. वेळ लिहिणं महत्त्वाचं, कारण ऑक्सिजन सुरू झाल्यावर तासाने काढलेल्या रक्तात प्रमाण उतरलेलंच असणार आणि मग कुणीतरी म्हणेल, कुठे काय होतं? साधा एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंचा, रिपोर्टही इथे फसवतो. त्यातलं सॅच्युरेशन बऱ्याच यंत्रांवर मोजलेलं नसतं, ऑक्सिजनच्या दाबावरून हिशेबाने काढलेलं असतं, त्यामुळे तिथेही ९८-९९च येतं. को-ऑक्सिमीटर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी सोय, असलेलं यंत्र लागतं. रक्त शिरेतलं असलं तरी चालतं. ईसीजी काढायला सांग. बाई तरुण असेल तर पाळी चुकली आहे का ते विचार, कारण बाळाच्या रक्तातून हा वायू आईच्या रक्तापेक्षा सावकाश निघतो आणि डॉक्टरांना उपचार लांबवावे लागतात.

त्या डॉक्टरांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. ‘९९ला ऑक्सिजन कशाला?’ हा प्रश्न दहातल्या बहुतेक पेशंटांच्या बाबतीत अगदी योग्य आहे. पूर्वी छातीत दुखतंय म्हटलं की लाव नळी, असं होतं. २०१७ साली स्वीडनमध्ये सहा हजारांहून जास्त संशयित हार्ट अटॅकच्या पेशंटांवर अभ्यास झाला. ज्यांचं सॅच्युरेशन ९० किंवा त्याहून वर होतं, त्यांना ऑक्सिजन देऊन मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्यांचा प्रश्न बरोबर होता, पेशंट चुकीचा होता.

आता तुझा म्हातारा. इथे दोन गोष्टी एकात एक अडकल्यात.

पहिली, तो ७८ आणि ९१चा खेळ. गार हातात रक्त पोचत नाही, ठोका सापडत नाही, यंत्र अंदाज करत बसतं. त्यात गाडीचे हादरे, कुडकुडणं, आणि बहुतेक वेळा त्याच हाताला बीपीचा पट्टा. पट्टा फुगला की बोटातली नाडीच बंद, मग आकडा पडतो आणि सगळे घाबरतात. आकड्याआधी पडद्यावरची नाडीची लाट बघ. प्रत्येक ठोक्याला एकसारखी, स्वच्छ लाट येत असेल तरच आकडा वाचायचा. लाट दाखवणारं यंत्र नसेल, तर मनगटावर बोटं ठेवून नाडी मोज आणि ऑक्सिमीटरवरच्या नाडीशी ताडून बघ. हाताला ११६ आणि यंत्रावर ७२ असेल, तर सॅच्युरेशनचा आकडाही टाकून द्यायचा. हात चोळून गरम कर, बोट बदल, कानाच्या पाळीवर बसणारा प्रोब असेल तर तो लाव. गडद नेलपॉलिश पुसून टाक किंवा चिमटा बोटाला आडवा लाव. लग्नघरातली काळीभोर मेंदी असेल तर सरळ दुसरी जागा शोध. आणि ७०च्या खालच्या आकड्यांवर बारकाईने विचार करत बसू नकोस. ही यंत्रं निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन कमी करून जुळवतात, आणि माणसाला त्याहून खाली न्यायची सोय नसते. ६२ आणि ५५ या दोहोंचा अर्थ एकच: धाव.

आकडा मागे चालतो हेही ध्यानात असू दे. फुप्फुसात बदल झाला की बोटावर दिसायला अर्धा मिनिट तरी जातो, गारठलेल्या बोटावर त्याहून जास्त. मास्क लावल्या क्षणी आकडा हलला नाही म्हणून उपाय बदलायला जाऊ नकोस.

दुसरी गोष्ट दम्याची. खेड्यात तरण्या मुलाच्या अस्थम्यालाही दमा म्हणतात आणि बिडीने झिजलेल्या फुप्फुसांच्या सीओपीडीलाही. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, बिडी कधी न ओढलेल्या म्हातारीलाही हाच सीओपीडी असतो, ते विसरू नकोस. अस्थम्याला ९४ ते ९८ ठेवायचं, सीओपीडीला ८८ ते ९२. सीओपीडीमध्ये ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पेशंट गुंगीत जातो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकांवरच हा प्रयोग झाला, २०१० साली तो प्रसिद्ध झाला. सॅच्युरेशन बघून बेताने ऑक्सिजन दिलेल्यांमध्ये मृत्यू निम्म्याहून कमी झाले. तुझ्यासारख्यांनीच गाडीत बसून केलेलं काम आहे ते.

म्हणून ७८ खरं असेल तर ऑक्सिजन लावलास ते योग्यच, ऑक्सिजनच्या अभावी माणूस मिनिटांत जातो. चुकलं ते पुढे: आकडा ९२ ओलांडून गेला तरी नळ १५ वरच राहिला. तिथे नाकातल्या नळ्यांवर (नेझल प्राँग्ज) एक-दोन लिटर किंवा ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन देणारा, २४-२८ टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क पुरला असता. आणि गुंगी आलीच तर घाबरून मास्क ओरबाडून काढायचा नाही. एकदम काढला तर आकडा आधीपेक्षाही खाली जातो. हळूहळू उतरव, श्वास मंदावला असेल तर हाताने दाबून श्वास देणाऱ्या अम्बू बॅगने साथ दे.

या म्हाताऱ्याच्या निमित्ताने जे सांगायचंय ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ऑक्सिमीटर श्वास मोजत नाही. छातीचा भाता किती चालतोय, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय की नाही, यातलं त्याला काही कळत नाही. त्यातून ऑक्सिजन सुरू असेल तर श्वास निम्म्यावर आला तरी आकडा ९८ राहू शकतो.

मण्यारीचं उदाहरण घे, तिच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसेल न दिसेल, सूज नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो, सकाळी पापण्या जड होतात. तू पोचतेस तेव्हा सॅच्युरेशन ९७. घरचे म्हणतात, बरंय की. अशा वेळी त्याला म्हणायचं, मोठा श्वास घ्या आणि एका दमात एक, दोन, तीन म्हणत जा. पहिल्यांदा बावीसपर्यंत जातो. पंधरा मिनिटांनी चौदावर थांबतो. मग नऊवर. उशीवरून मान उचलता येत नाही, थुंकी गिळता येत नाही, तोंडातून घरंगळते. आणि या सगळ्या वेळात ऑक्सिमीटर शांतपणे ९७, ९७, ९६ दाखवत राहतो. तो पडायला लागतो तेव्हा श्वासनलिकेत नळी घालायला उशीर झालेला असतो. तिथे यंत्रापेक्षा तुझी मोजणी खरी, आणि गाडी कुठल्या रुग्णालयाकडे वळवायची हा निर्णय त्या मोजणीवर घ्यायचा.

उलट बाजूनेही तसंच. शुगर ५०० झालेला किंवा जंतुसंसर्गाने खचलेला पेशंट मिनिटाला ३६ वेळा श्वास घेत असतो आणि आकडा ९८ असतो. तो ९८ टिकवायला तो जीव किती राबतोय, हे यंत्र सांगणार नाही.

म्हणून माझा हट्ट आहे: चिमटा लावायच्या आधी श्वास मोजायचा. पूर्ण मिनिट, घड्याळ लावून, पेशंटला न सांगता, नाडी बघतोय असं भासवून. कुठलाही केस पेपर उचल, श्वसन २० किंवा १८ लिहिलेलं सापडेल. सगळा महाराष्ट्र एका लयीत श्वास घेतो म्हणायचा! २५च्या वर किंवा ८च्या खाली गेलेला प्रौढ पेशंट आकडा काहीही असला तरी गंभीर समजायचा. आणि आकडा लिहिताना तो कशावर आहे तेही लिही. ‘९४ हवेवर’ आणि ‘९४ पंधरा लिटरवर’ ही दोन वेगळी माणसं आहेत.

रक्तस्रावाचं थोडक्यात सांगते. बाळंतपणात रक्त गेलेली बाई, हिमोग्लोबिन ५, सॅच्युरेशन ९९. गाड्या कमी, पण आहेत तेवढ्या भरलेल्या. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. १५ ग्रॅमवाल्याच्या शंभर मिली रक्तात वीसेक मिली, हिच्यात सातही नाही. तिथे नाडी, बीपी, पापणीखालचा फिका रंग आणि साडीवरचं रक्त बघायचं.

आणि आकडा ८५च्या आसपास अडकून बसलाय, कितीही ऑक्सिजन दिला तरी हलत नाही, ओठ निळसर, रक्त चॉकलेटी, असं दिसलं तर मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन, आठव. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनच्या गोळ्या, रंगाच्या कारखान्यातलं ॲनिलिन, किंवा फुलोरा वाढवायला फवारतात ते नायट्रोबेंझिन पोटात गेलेलं असू शकतं. बाटली शोधून बरोबर घे.

इतकं वाचून ऑक्सिमीटर खणात ठेवून देशील, तर ते नको. मी भूल द्यायला शिकले तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी हे यंत्र नव्हतं. आम्ही ओठ बघायचो, नखं बघायचो, आणि सर्जनला विचारायचो, ‘रक्त काळं दिसतंय का?’ ते ‘हो’ म्हणेपर्यंत सॅच्युरेशन ऐंशीच्या घरात गेलेलं असायचं. ट्यूबलाइटच्या उजेडात, सावळ्या त्वचेवर, डोळ्याला निळेपणा फार उशिरा कळतो. कोविडमध्ये माणसं फोनवर बोलत होती, चहा पीत होती आणि आकडा ८२ होता. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी बोटाला चिमटे लागले, त्यातून कितीतरी लोक वेळेवर रुग्णालयात गेले. कारण त्या आजारात बिघाड नेमका तिथेच होता जिथे हे यंत्र बघतं. तेव्हापासून ९५च्या वर म्हणजे सगळं आलबेल, हे मात्र आपल्या डोक्यात बसलं, डॉक्टरांच्यासुद्धा.

सावळ्या त्वचेचा विषय निघालाच आहे तर: डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ असलेल्या कृष्णवर्णीय पेशंटांपैकी ११.७ टक्क्यांमध्ये रक्तातलं खरं सॅच्युरेशन ८८च्याही खाली होतं. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण ३.६ टक्के. आपल्याकडे तर सावळा-काळा रंगच घरोघरी. तेव्हा उन्हात रापलेल्या मजुराचा ९३ हा ९०सुद्धा असू शकतो असं धरून चाल, आणि एका आकड्यापेक्षा तो वर चाललाय की खाली यावर जास्त भर दे.

शेवटी त्या मुलीबद्दल. कार्बन मोनॉक्साइडच्या काही पेशंटांना घरी गेल्यावर, काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी त्रास सुरू होतो: विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. घरचे त्याला मनावर घेतलंय म्हणतात किंवा बाहेरचं बघतात. तुमच्या कॉल शीटवर नंबर असेल तर तुमच्या वरिष्ठांना विचारून घरी फोन लाव. असं काही दिसलं तर लगेच मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या आणि गिझरचा प्रसंग आवर्जून सांगा, एवढं सांग. घरात आणखी कुणाचं आंघोळीनंतर डोकं दुखतं का तेही विचार. आणि गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवल्याशिवाय पेटवायचा नाही, हे सासऱ्यांना फोनवर घेऊन सांग, कारण प्लंबरला बोलवायचं की नाही ते बहुधा तेच ठरवत असतील.